आतली झीज

१

ही गोष्ट सरांना आठवते तशीच घडली, याची हमी खुद्द सरही देत नाहीत. गाडी राखाडी होती की निळसर, यावर ते अजून स्वतःशी वाद घालतात. त्या दिवशी लख्ख ऊन होतं हे त्यांना पक्कं आठवतं. मग मुलीच्या हातात छत्री का दिसते, हे मात्र सांगता येत नाही. आठवण ही वापरातली वस्तू आहे, जितकी हाताळावी तितके तिचे कोपरे गोल होत जातात, असं ते म्हणतात. आणि म्हणून झाल्यावर, हे आपण आधी सांगितलं होतं का, असं समोरच्याला विचारतात.

एक पुरावा तेवढा त्यांच्याकडे आहे. टेबलाच्या खणात, चष्म्याच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळलेला गुलाबी रंगाचा एक कडक तुकडा. करंगळीच्या पेराएवढा. त्याचा आकार कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर त्यांनी एकच विषय शिकवला: झीज. एका वस्तूवर दुसरी घासली की काय होतं, आणि झिजलेली वस्तू बघून ती कुणी, कशी, किती वापरली हे कसं ओळखायचं. बायको होती तोवर म्हणायची, "जगाच्या चपलांचे तळवे वाचतात, स्वतःच्या कुठे काढल्या ते आठवत नाही." ती गेल्यावर सर मुलीकडे राहायला आले. घरात मुलगी, जावई आणि नात. नातीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण एका जागी ती कधी टिकलीच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नुकती शाळेत जायला लागली होती.

जावयाची बदली डोंगरापलीकडच्या गावात झाली होती आणि मुलीची नोकरी इथेच. म्हणजे आता दर आठवड्याला सगळ्यांना घाटातून वर-खाली करायचं. जुन्या छोट्या गाडीचा ब्रेक एकदा उतारावर लागता लागेना, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. शिवाय मुलीला दिवस गेले होते. मोठी, मजबूत, सात जणांची गाडी हवी होती, आणि ती वापरलेलीच घ्यायची असं ठरलं.

"बाबा, झीज तुमचा विषय," मुलगी म्हणाली. "वस्ताद गाडी खालून बघेल, तुम्ही आतून बघा. दोघांनी हो म्हटलं की घेऊन टाकू."

सरांना बरं वाटलं. अलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे. मध्यंतरी त्यांच्या हातून गॅस तसाच राहिला होता, आणि एकदा ते स्वतःच्याच इमारतीवरून पुढे निघून गेले होते. तेव्हापासून मुलगी त्यांच्यामागून जाऊन दिवे, नळ, कड्या तपासायची. काही बोलायची नाही. ते न बोलणंच त्यांना लागायचं. आता गाडीच्या बाबतीत तरी आपला शब्द चालणार, आणि त्या गाडीत भिंगरी बसणार. म्हणजे चूक करून चालणार नाही, असं मनाशी घोकत ते निघाले.

२

गाडी एका दंतवैद्याची होती. खाली दवाखाना, वर घर, मागे शटरचं पार्किंग. डॉक्टर उंच, बारीक, हलक्या आवाजात बोलणारा. तोंडात हत्यारं असलेल्या माणसाशी बोलायची सवय असल्यासारखा तो एकेक वाक्य सोडायचा आणि उत्तराची अपेक्षा न धरता थांबायचा.

वस्ताद, म्हणजे जावयाचा नेहमीचा मेकॅनिक, गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे फक्त पाय आणि शीळ एवढंच बाहेर होतं. बाहेर आला तो खुशीत.

"डॉक्टर, तुमच्या भाषेत सांगतो. हिचे अजून दुधाचे दात पडले नाहीत."

"कमी चालवलीय," डॉक्टर म्हणाला.

"कमी? टायर कंपनीचेच आहेत. अशी गाडी चुकून हाताला लागते, दादा," तो जावयाला म्हणाला. "सोडलीत तर मीच घेईन, आणि तुम्हाला भाड्याने देईन."

सर आत शिरले. बंद गाडीचा, तापलेल्या रेक्झिनचा वास होता. सगळ्यात मागच्या बाकावर अजून कारखान्याचं प्लास्टिक होतं. ते बघून त्यांचं समाधान झालं. मग सवयीप्रमाणे ते खालून वर निघाले. आधी पायांची जागा, मग सीटा, मग हाताशी येणाऱ्या गोष्टी. वर्गातही ते हेच सांगत. माणूस हाताने खोटं बोलतो, पायाने बोलू शकत नाही.

पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या रबरी मॅटला एक भोक होतं.

तसं काही नवल नव्हतं. पण भोक मधोमध नव्हतं, उजवीकडे होतं. आणि टाच रोवून पाय पुढे दाबत राहिलं तर जिथे पडेल, बरोबर तिथे. एका टाचेचं काम. रबर एवढं झिजवायला किती वर्षं लागतात, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग गिअरच्या दांड्याकडे वळले. वरच्या गोळ्याच्या पुढच्या कडेला, एकाच जागी, बारीक बारीक टोचे पडले होते. शेकडो. काहीतरी कडक, धातूचं, हळूच आणि पुन्हा पुन्हा आपटत राहिल्यासारखे.

इंजिन सांगत होतं, तीन-चार वर्षं. आतलं सामान सांगत होतं, बारा-पंधरा. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि सरांना पहिल्यांदा वाटलं ते एवढंच की प्रकरण मजेशीर आहे.

३

"तुमच्या मिसेस पुढे बसतात का?" त्यांनी डॉक्टरला विचारलं. मुलगी आणि जावई वस्तादाबरोबर बॉनेटमध्ये वाकलेले होते.

"तिला गाडी लागते. एकदाच बसली. नवी आणली त्या दिवशी."

"मग पुढे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मागे?"

"मुलंबाळं नाहीत आम्हाला. होतील म्हणून मोठी घेतली होती." डॉक्टरने हे अगदी सरळ सांगितलं. "घर ते बाजार, एवढीच चालली. एकट्याने."

सरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. लांब, धुतलेले, गोरे हात. एकही अंगठी नाही.

"दिवसभर हातमोजे घालावे लागतात," त्यांची नजर बघून डॉक्टर म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून, "तुम्ही मॅट बघितली ना?"

"बघितली."

"आधी वाटलं, सर्व्हिसिंगला टाकतो तिथले लोक फिरवत असतील. म्हणून तिथे देणं बंद केलं. घरीच तेल बदलून घेतलं. शटरला कुलूप लावलं, किल्ली उशाशी ठेवली."

"मग?"

"मग काही नाही. झीज वाढत गेली."

समोरचा माणूस थापा मारतोय, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण गाडी विकायला काढलेला माणूस दोष लपवतो, असले दोष बनवून सांगत नाही.

"माझ्याकडे लोक येतात," डॉक्टर म्हणाला, "दात पार सपाट झालेले. मी म्हणतो, तुम्ही झोपेत दात खाता. ते म्हणतात, छे, मी नाही. शपथेवर सांगतात. त्यांना माहीतच नसतं. दातांना माहीत असतं."

"हे तुम्ही माझ्या मुलीला सांगितलंत?"

"काय सांगू?"

हा प्रश्न सरांनाही रास्त वाटला.

४

चालवून बघायला चौघं निघाले. जावई चालवायला, मुलगी त्याच्या शेजारी. मागे सर उजवीकडे, आणि डावीकडे आईच्या सीटमागे, उंच गादीवर, भिंगरी. वस्ताद डॉक्टरबरोबर चहा प्यायला थांबला.

गाडी खरोखर गुळगुळीत चालत होती. काचा वर केल्यावर आत शांतता पसरली.

"हळू," मुलगी म्हणाली.

"हळूच आहे."

"समोर ट्रक आहे."

"अगं तो उभा आहे. माणूस जेवायला गेलाय त्यातला."

"म्हणूनच म्हणते हळू."

आणि तिचा उजवा पाय टाच रोवून पुढे दाबला गेला. हे घरातलं जुनं भांडण होतं. ती चालवत नसे, पण नवऱ्याच्या शेजारी बसली की न दिसणारा ब्रेक दाबत राही. "तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये," असं तो म्हणे, आणि "असता तर एव्हाना आपण चौघं सुखरूप पोचलो असतो," असं ती. त्या दिवशीही दोघांनी आपापली वाक्यं म्हटली.

सर हसले नाहीत. दोन सीटांच्या फटीतून वाकून ते तिच्या टाचेकडे बघत होते. टाच भोकात होती. भोकाच्या जवळ नाही, काठावर नाही. कुलपात किल्ली बसावी तशी आत.

सिग्नलला गाडी थांबली. जावयाचा डावा हात गिअरवर होता, आणि नेहमीसारखी त्याची चांदीची जाड अंगठी त्यावर आपटू लागली. टक्-टक्. टक्. टक्-टक्. टक्. घरी जेवणाच्या टेबलावरही तो हेच वाजवायचा. सरांनी मान लांब केली. अंगठी त्या टोच्यांवर पडत होती. एकही ठोका बाहेर पडत नव्हता.

"किती आपली वाटते ना गाडी?" मुलगी म्हणाली. "बसल्या बसल्या."

"हो ना. सीट मागेपुढे पण करावी लागली नाही," जावई म्हणाला.

सरांनी स्वतःला आवरलं. दोन योगायोग म्हणजे सिद्धांत नव्हे. झिजेचा आकार माणसाच्या सवयीसारखा असतो, आणि जगात नवऱ्यावर विश्वास नसलेली बायको एकच नसते. पुष्कळ टाचा असतील, पुष्कळ अंगठ्या. असं मनाशी मांडत असताना त्यांचा उजवा हात, काळजीच्या वेळी जायचा तसा, खिडकीच्या वरच्या हँडलकडे गेला.

त्यांचा उजवा अंगठा सांध्यात वाकडा होता. तरुणपणी प्रयोगशाळेत यंत्रात सापडला होता, तो सरळ झालाच नाही. त्या वाकड्या सांध्याचं हाड ते, बेचैन झाले की, हाताखाली येईल त्यावर घासत बसत. घरातल्या आरामखुर्चीच्या दांड्यावर तसा एक तिरका व्रण होता. बायको त्याला सरांची सही म्हणायची.

हँडलच्या प्लास्टिकला पुढच्या टोकाशी एक तिरकी खोबण होती. अंगठ्याचं हाड तिच्यात गेलं. पुरतं गेलं, तळाला टेकलं.

सरांनी हात काढला नाही. काढावासा वाटला नाही, असं ते नंतर सांगत. जुन्या जोड्यात पाय घालावा तसं वाटलं. ते घासू लागले आहेत, हेही त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

शेजारी भिंगरी पाय हलवत होती. धप. धप. आईच्या सीटच्या पाठीवर.

"भिंगरे, लाथ मारू नकोस. आईच्या पोटात बाळ आहे."

"मी नाही मारत. पायच मारतात."

५

परत आल्यावर सगळे खाली उतरले. सर म्हणाले, मला अजून जरा बघायचंय, आणि भिंगरीला म्हणाले, तू पण बस. तिला काय, ती कुठेही बसायला तयार होती, आणि कुठूनही उठायला.

पुढच्या सीटच्या पाठीवर बुटांचे डाग होते. लहान मूल असलेल्या प्रत्येक गाडीत असतात, त्यात काही विशेष नाही. पण डाग वाचायचे असतात. मूल लहान असतं तेव्हा त्याचे पाय आडवे, म्हणून डाग वर पडतात. पाय लांबतात तसे ते खाली लोंबतात, आणि डाग खाली खाली उतरत जातात. शेवटी पाय जमिनीला टेकले की लाथा थांबतात आणि तिथे गुडघ्यांचे खळगे पडू लागतात. एका मुलाचं सगळं लहानपण त्या पाठीवर वरून खाली वाचता येतं. सरांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिथे, त्या क्षणी, त्यांच्या लक्षात आलं, आणि आपली बुद्धी अजून शाबूत आहे याचा त्यांना आनंद झाला.

हा आनंद जेमतेम टिकला.

डाग मध्यावर सुरू होत होते. दाट, एकावर एक, घासून घासून रेक्झिनचा रंग गेलेला. ते खाली उतरत होते. आणि मग एका रेषेशी संपत होते. विरळ होत नव्हते, संपत होते. हौदातलं पाणी उतरत जावं आणि एका पातळीवर थांबावं, तशी रेघ. रेघेच्या खाली रेक्झिन कोरं होतं. कारखान्यातून आल्यासारखं चकचकीत. बोट फिरवलं तर थंड आणि गुळगुळीत. गुडघ्यांचा खळगा कुठेच नव्हता.

"भिंगरे, पाय लाव बघू समोर. नेहमीसारखा."

तिने लावला. बूट डागांच्या वरच्या भागात टेकला. जिथे रंग नुकताच जायला लागला होता, तिथे.

सरांनी बुटाच्या टोकाखाली हाताची वीत लावली. अंगठा बुटाशी, करंगळी खाली. करंगळी रेघेच्या पलीकडे, कोऱ्या भागावर गेली. मधलं अंतर एक वीतसुद्धा नव्हतं. मुलाचा पाय एक वीत वाढायला किती वेळ लागतो, ते त्यांनी मनात मांडायला घेतलं आणि सोडून दिलं.

"आजोबा, तुमचा हात गार आहे."

"हो का? उतर आता."

"अजून बसते ना."

"उतर म्हटलं ना," ते म्हणाले. त्या आवाजात ते तिच्याशी कधी बोलत नसत. ती मुकाट्याने उतरली.

शेजारचा हँडल त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तिथली खोबण कुठल्या रेघेशी थांबली नव्हती. ती खोल होती. ज्याने ती पाडली, तो त्या सीटवर पुष्कळ काळ बसला होता. शेजारचं बसणं संपल्यानंतरही.

६

मोजता येत नाही त्याची भीती वाटते. मोजलं की निदान आकडा तरी हातात येतो. सरांचा सगळा धर्म एवढाच होता. त्यांनी डॉक्टरला बाजूला बोलावलं.

"दातांचा साचा घेता ना, तो मसाला आहे का?"

डॉक्टरने का असं विचारलं नाही. आत जाऊन तो गुलाबी लगदा बोटांनी मळत आला, मागच्या दारातून आत वाकला आणि हँडलच्या खोबणीत भरला. पलीकडे वस्ताद मुलीला घाटात गाडी कशी तापते ते सांगत होता. मसाला घट्ट झाल्यावर डॉक्टरने तो नखाने हळूच सोडवला. खोबणीचा उलटा उंचवटा त्यावर उमटला होता.

त्याने तो उजेडात धरला. मग सरांचा उजवा हात, रोग्याचा जबडा धरावा तसा, हनुवटीएवढा वर उचलला, अंगठा बघितला, पुन्हा तुकडा बघितला. तुकडा सरांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटवली.

"मी गाडी आत घेतो," एवढंच म्हणाला.

७

पार्किंगमध्ये बाहेरच्या उन्हामुळे अंधारल्यासारखं होतं. डॉक्टर बसला आणि गाडी उलटी आत घेऊ लागला. सर शटरजवळ भिंगरीचा हात धरून उभे होते. गाडी त्यांच्या समोरून हळूहळू मागे सरकली, आणि तिची उजवी बाजू त्यांच्याकडे होती.

ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत एक म्हातारा बसला होता.

काचेत आपलंच प्रतिबिंब असणार, असं सरांना लगेच वाटलं. तसं ते असूही शकेल. टक्कल तेच, चष्मा तोच. पण सरांचा एक हात भिंगरीच्या हातात होता आणि दुसऱ्या मुठीत तो तुकडा. खिडकीतल्या म्हाताऱ्याचा उजवा हात वर होता. हँडलवर. अंगठा हलत होता. तो सरांकडे बघत नव्हता. मान वळवून तो आपल्या डावीकडच्या सीटकडे बघत होता. तिथे काही नव्हतं.

गाडी अंधारात शिरली. दिवे विझले. डॉक्टर एकटाच उतरला.

"आजोबा, हात दुखतोय," भिंगरी म्हणाली.

८

"माझ्याकडून हो," वस्ताद हात पुसत म्हणाला.

"माझ्याकडूनही," जावई म्हणाला.

"बाबा?"

सगळे सरांकडे बघत होते. खरं सांगितलं तर काय होईल, ते सरांना स्वच्छ दिसत होतं. मुलगी चिडणार नाही. ती मऊ होईल. "बरं बाबा," म्हणेल, त्यांना गाडीत बसवेल, पाणी देईल, आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या डॉक्टरची वेळ घेईल. गाडी ती दोघं घेतीलच. त्या गाडीत भिंगरी बसेल. म्हणजे खरं सांगून काही उपयोग नव्हता. शहाणपणाचं वाटेल असं काहीतरी हवं होतं.

"मीटर मागे फिरवलंय," ते म्हणाले.

वस्ताद हसला. "छे हो, सर. बाकी सगळं खोटं बोलेल, इंजिन नाही बोलणार."

"आतली झीज बघ. मॅट बघ. गिअर बघ. ही इतकी कमी चाललेली गाडी नाही." त्यांचा आवाज त्यांनाच पोकळ वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच ते पुराव्याचा अर्थ मुद्दाम चुकीचा लावत होते, आणि तेही डॉक्टर समोर उभा असताना.

"बाबा," मुलगी जवळ येऊन हलकेच म्हणाली. तोच मऊ आवाज. "चला, आपण घरी जाऊन बोलू. तुम्ही दमलात."

"दमलो नाही मी."

"बरं, नाही दमलात."

जावई खाली बघू लागला. वस्तादाने शीळ वाजवायला घेतली आणि थांबवली. झालं, सरांना वाटलं. गेलं हातातून.

"त्यांचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला.

तो शटरपाशी किल्ली घेऊन उभा होता.

"मी फिरवलंय मीटर."

मग वस्ताद कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि इंजिन?"

"बदललेलं आहे. टायरही."

"डॉक्टर, तुम्ही इतके सज्जन दिसता," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "यात माझी मुलगी बसणार होती. घाटातून."

"हो," डॉक्टर म्हणाला. "म्हणूनच."

तिला ते निर्लज्जपणाचं वाटलं आणि ती तरातरा निघाली. डॉक्टरने वाकून भिंगरीची खाली पडलेली केसांची पिन उचलली, फुंकून तिच्या हातात दिली, आणि सरांकडे न बघता शटर ओढून घेतलं.

घरी जाताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून." पुढे कित्येक महिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगायची: वस्तादाला जे दिसलं नाही ते आमच्या बाबांना दिसलं. सर मान खाली घालून बसायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

९

वस्तादाने मग दुसरी गाडी शोधली. पांढरी, वेगळ्या कंपनीची. सरांनी ती आतून नीट पाहिली. तिची झीज दुसऱ्या कुणाची तरी होती, कुणी पानाचा शौकीन होता आणि कुणाला कुत्रं होतं. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. मॅट आणि सीटची कव्हरं नवी घातली, गिअरचा गोळा आणि हँडल फुटके होते तेही बदलून घेतले. दर आठवड्याला सगळे घाटातून जायचे आणि यायचे. बाळ आलं, मुलगा झाला, तोही लाथा मारायला लागला. भिंगरी आईच्या मागेच बसे. सर तिच्या शेजारी.

पुढे सरांचे दात हलायला लागले आणि ते त्याच दंतवैद्याकडे गेले. दुसऱ्या कुणाकडे जाणं त्यांना जमलं नसतं. तोंड उघडं असल्यामुळे त्यांना काही विचारता येत नव्हतं.

"आहे," डॉक्टर आपणहून म्हणाला. "शटर बंद आहे. विकली नाही." जरा वेळाने, "झीज वाढली नाही त्यानंतर. मी बघतो अधूनमधून. बाहेरूनच." आणि आणखी जरा वेळाने, "चूळ भरा."

या विषयावर ते दोघं एवढंच बोलले.

भिंगरी मोठी झाली, उंच झाली, दुसऱ्या शहरात शिकायला गेली. घाटातलं जाणं-येणं संपलं. पांढरी गाडी विकायची ठरली. ज्या दिवशी घेणारे बघायला यायचे होते, त्या सकाळी सर काठी टेकत खाली गेले. खिशात चष्म्याची डबी होती.

पुढच्या मॅटला उजवीकडे भोक होतं. गिअरच्या गोळ्यावर टोचे होते. पुढच्या सीटच्या पाठीवर डाग मध्यावर सुरू होऊन खाली उतरले होते. डॉक्टरच्या गाडीत ते जिथे थांबल्याचं सरांना आठवत होतं, तिथे ते थांबले नव्हते. पार खालपर्यंत गेले होते, विरळ होत होत. तिथून वर दोन गुडघ्यांचे खळगे होते, आणि एका कोपऱ्यात पेनाने कोरलेलं कुणाचं तरी नाव, जे सरांनी वाचलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्या जागी ते बराच वेळ हात ठेवून बसले.

मग त्यांनी उजवीकडे वर पाहिलं. हँडलच्या पुढच्या टोकाशी तिरकी खोबण होती. त्यांनी कापूस सोडवला आणि गुलाबी तुकडा तिच्यात बसवला.

तिरकेपणा जुळला. लांबी जुळली. खोबणीत अंगठ्याचं नख लागून पडलेली एक बारीकशी खाच होती, तीही जुळली. पण तुकडा टेकला नाही. निम्मा आत गेला आणि निम्मा वर राहिला. सरांनी काढून पुन्हा लावला. तो मसाला वर्षानुवर्षांत आकसतो, फुगत नाही, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं.

घाटाच्या प्रत्येक वळणाची काळजी या खोबणीत होती, भिंगरी लहान होती तेव्हापासून ती उंच होऊन निघून गेली तोपर्यंतची. डॉक्टरच्या त्या गाडीतली, रिकाम्या सीटशेजारची खोबण हिच्या दुप्पट खोल होती.